पाडव्याचं कुलूप

अमेरिकेतल्या बास्केटबॉलची काळजी वाहणारा माणूस साऱ्या जाफराबाद तालुक्यात एकच होता, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, जाफराबादच्या एका शाळेत खेळाचे मास्तर. स्वतःची उंची बेताचीच; वर्गाच्या फोटोत ते सातवीच्या पोरांत मिसळून जायचे आणि मिशीवरून ओळखावे लागायचे. पण समोरच्याची उंची ते एका नजरेत जोखत. माझ्या लग्नात पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं, प्रेमानं. ते बोटांची लांबी बघत होते. "हात वाया गेला," ते बायकोला म्हणाले, "कारकुनीत वाया गेला." हळदीच्या अंगानं मी तो माझा पहिला अपमान गिळला, आणि तिथून आमचं जे जमलं ते जमलंच.

त्यांच्या शाळेच्या मैदानात एक खांब होता आणि त्याला लोहाराकडून करून घेतलेलं कडं होतं. लोहाराला हे कशासाठी हवंय ते शेवटपर्यंत कळलं नव्हतं, त्यामुळं कडं किंचित लांबट झालं होतं. त्या लांबट कड्यात डोळे मिटून चेंडू टाकणारी त्यांची पोरं जालन्याला स्पर्धेला गेली की गोल कडं पाहून बावचळायची. एका वर्षी साडूभाऊंनी तिथल्या पंचांकडं रीतसर तक्रार केली की तुमचं कडं गोल आहे. पंच हसले. साडूभाऊ हसले नाहीत. खेळाच्या बाबतीत हसणं त्यांना माहीतच नव्हतं.

तिकडं रात्री सामना असला की आपल्याकडं पहाट असते. केबलवाला पहाटे भजनं लावायचा. साडूभाऊंनी त्याला चहा पाजून पाजून असा वश केला की हंगामात आठवड्यातून दोनदा तरी भजनांच्या जागी ताडमाड उंच माणसं पळायला लागली. शेजारच्या काकू तणतणत आल्या, "मास्तर, देव कुठं गेले आमचे?" साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "काकू, हे बी जमिनीवर कमीच असतात."

पण खरं सांगायचं तर खेळ ही त्यांच्या दृष्टीनं फक्त सुरुवात होती. सामना संपला की लोक टीव्ही बंद करतात. साडूभाऊंचा हंगाम तिथून सुरू व्हायचा. कुठल्या खेळाडूचा करार कधी संपतो, मालक काय देतो, खेळाडू काय मागतो, त्याचा एजंट काय म्हणतो, हे ते दुपारच्या एसटीनं येणाऱ्या इंग्रजी पेपरातून टिपून घ्यायचे आणि रविवारी आमच्या गावात येऊन चहाच्या टपरीवर सांगायचे. आमचं गाव जाफराबादपासून हाकेवर. मी रोज तिथून तहसील कचेरीत कारकुनीला जायचो आणि उरलेल्या वेळात शेतकरी असल्याचा आव आणायचो. टपरीवरच्या लोकांना हे सगळं बिलकुल परकं वाटायचं नाही, कारण साडूभाऊ ते पाडव्याच्या भाषेत सांगायचे. आपल्याकडं सालगडी पाडव्याला ठेवतात, पाडव्याला साल संपतं, आणि त्या दिवशी गडी मोकळा. वाटलं तर त्याच मालकाकडं राहील, वाटलं तर दुसऱ्याच्या बांधावर जाईल. नव्या मालकानं टोपी-उपरणं हातात दिलं की साल ठरलं. "तिकडं बी हेच," साडूभाऊ म्हणायचे. "फक्त गडी साडेसहा फुटी असतो."

हे तत्त्व ते सगळीकडं लावायचे. बसस्टँडवरचा न्हावी एका दुकानातून समोरच्या दुकानात गेला तेव्हा पहिल्या मालकानं शिव्या घातल्या. साडूभाऊंनी अर्धी दाढी झालेली असताना उठून त्या न्हाव्याची बाजू मांडली, आणि उरलेली दाढी दोन्ही दुकानांनी करायला नकार दिला. एकदा माझी बायको माहेरी निघाली तेव्हा त्यांनी विचारलं, "रजा करारात आहे का?" बायको पिशवी भरता भरता म्हणाली, "दाजी, आमचं साल कधी संपतं तेवढं बघून सांगा, मंग रजेचं बोलू." साडूभाऊंनी त्यावर खरोखर विचार केला असावा, कारण जेवताना त्यांनी दोनदा पाडव्याची तारीख विचारली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. त्या पावसाळ्यात अमेरिकेत मालक आणि खेळाडू यांचं करारावरून फाटलं आणि मालकांनी टाळेबंदी केली. हिवाळा आला तरी सामने बंद. ज्यांचे करार संपले होते ते खेळाडू मोकळे, पण मोकळे असून अडकलेले. कारण कुलूप निघेपर्यंत कुठल्याच मालकानं कुणाशी बोलायचं नाही. साडूभाऊंची कळा बघवत नव्हती. सवयीनं पहाटे उठायचे आणि भजनं ऐकत बसायचे. शेजारच्या काकूंना वाटलं, मास्तर सुधारले. संक्रांतीच्या आसपास तिकडं तडजोड झाली, कुलूप निघालं, आणि इतके दिवस अडकलेले सगळे गडी एकदम बाजारात आले. कुणाला विचार करायला वेळ नाही, जो तो मिळेल त्या दारात घुसतोय. ही सगळी कथा साडूभाऊंनी आमच्या टपरीवर अशी रंगवून सांगितली की चहा निवून गेले. टपरीवर मालकही होते, गडीही होते. एकाच कथेतून मालकांनी कुलूप उचललं आणि गड्यांनी मोकळेपण.

पाडवा जवळ आला तसं गावातले सगळ्यांत मोठे बागाईतदार आबा यांनी आम्हा मालकांना ओसरीवर बोलावलं. गडी दरसाल नवं काहीतरी मागतात, कुणी बांधावरचं गवत मागतो, कुणी बाजाराच्या दिवशी सुट्टी. एकानं दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं. तर औंदा कुणीच नवं काही द्यायचं नाही, आणि सगळ्यांचं एकमतानं ठरेपर्यंत एकाही गड्याला टोपी द्यायची नाही. "अमेरिकेवाले करतात तर आपण का न्हाई?" आबा म्हणाले. साडूभाऊंना खास पाहुणे म्हणून बोलावलं होतं. त्यांनी नियम समजावून सांगितले. शेवटी बाकीचे नुसते माना हलवत होते तेव्हा मी उठलो आणि म्हणालो, "शब्द म्हणजे शब्द. मी तर पाडव्याला गड्याकडं बघणार पण न्हाई." कचेरीत मला कुणी बोलू देत नाही, त्याचा हा परिणाम.

आता माझा गडी म्हणजे नामदेव. मी कचेरीत, बायको दूधदुभत्यात. शेत म्हणजे नामदेवच होता. पाखऱ्या आणि हौशा ही आमची बैलजोडी त्याच्याशिवाय कुणाला ओळख द्यायची नाही, मला तर नाहीच. नामदेव गेला तर माझी शेती ही सातबाऱ्यापुरती उरणार, हे गावातल्या लेकराला ठाऊक होतं. त्याच्या घरात पूर्वापार मेंढरं. औंदा त्याला धावडा गावच्या सासऱ्यानं चार-सहा मेंढरं दिली होती, आणि त्याचं एवढंच मागणं होतं की ती आमच्या बांधावर चरावीत आणि गोठ्याच्या कडेला बसावीत.

"मालक, पैका वाढवा म्हनत न्हाई. मेंढरं तेवढी राहू द्या."

"ठरल्याबिगर बोलता येत न्हाई, नामदेव. कुलूप हाय."

"कशाला कुलूप? गोठ्याला तर दार बी न्हाई."

बायको आतून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "हो म्हणून टाका की. बांधावरचं गवत काय तुम्ही खाणार हायत का?" मी तिला करारातलं एकमत समजावून सांगितलं. ती म्हणाली, "दाजींनी कधी एक तरी गडी ठेवलाय का? मंग तुम्ही कशाला त्यांचं ऐकून राह्यलात?"

पाडव्याच्या सकाळी नवा पांढरा शर्ट घालून मी गोठ्यात गेलो. गडी नाही, तेव्हा वैरण मीच टाकायची. मी हौशाचं दावं सोडलं ते का सोडलं हे आजही सांगता येत नाही. नामदेव सोडायचा म्हणून सोडलं असेल. हौशानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि चालायला लागला. दावं माझ्या मनगटाला गुंडाळलेलं. शेणाच्या ढिगातून, मग खरकट्या पाण्याच्या चरातून, मग परत ढिगातून. बायको गुढीला साखरेची गाठी बांधत होती. वळून म्हणाली, "गुढी उभी करायची होती. तुम्ही आडवे कशाला झालात?"

मी उठून पाहिलं तर गावात सगळ्यांची कामं सुरळीत चालली होती. ह्याचा गडी कडबा टाकतोय, त्याचा पाणी पाजतोय. सगळ्यांच्या डोक्यावर नव्या टोप्या. आणि रस्त्यानं नामदेव चालला होता; त्याच्याही डोक्यावर.

"नामदेव, कुणाची टोपी?"

"आबाची. कालच ठरलं, मालक. मेंढरं ठिवा म्हनले." त्यानं माझा शर्ट पाहिला आणि नजर दुसरीकडं वळवली. "समद्यांचंच कवाच ठरल्तं. तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई का?"

थोडक्यात, साऱ्या गावात कुलूप एकाच दाराला होतं आणि आत मी होतो.

साडूभाऊ दुपारी पुरणपोळीला आले. ऐकून त्यांचा घास हातातच राहिला. "आबानं स्वतः?" एवढंच त्यांनी विचारलं. तिकडं असं कुणी केलं असतं तर केवढा दंड झाला असता, हे त्यांनी तिथल्या तिथं बोटांवर मोजलं. हात धुऊन ते उठले. "साडूभाऊ, माझ्यामुळं झालं. तुमचा गडी मी परत आणतो." आणि गळ्यातली शिट्टी नीट करून ते आबांकडं गेले.

परत आले ते दिवस कलताना. चेहरा समाधानी, त्यामुळं मला आशा वाटली.

"झालं बराबर," ते म्हणाले. "मेंढरांना आबा पत्र्याचा निवारा करून देणार. बाजाराच्या दिवशी अर्धी सुट्टी पण कबूल केली."

"कुणाला?"

"नामदेवला."

"कुठं?"

"आबाकडं."

साडूभाऊ खाटेवर टेकले. "तुमच्या बाजूनंच बोलायला गेल्तो. पण तिथं नामदेव म्हणाला, सर, माझ्या बाजूनं बोलणारं कुणीच न्हाई. मंग मी काय करू? त्याला एजंट न्हवता. दोन्हीकडून बोलता येत न्हाई, साडूभाऊ. ते नियमात बसत न्हाई."

बायको पदराआड हसत होती. मला राग यायला हवा होता. पण ज्याच्या हातून आपलं नुकसान झालं तो माणूस इतक्या निर्मळ चेहऱ्यानं समोर बसला, की राग कुठं ठेवावा कळत नाही.

नुकसानीची भरपाई म्हणून ते वर्षभर दर रविवारी स्वतः राबायला आले. बाकीचे दिवस मी मजूर लावायचो, रविवार साडूभाऊंचा. लुनावरून यायचे, निळा ट्रॅकसूट घालून. पाखऱ्या आणि हौशाला त्यांनी शिट्टीवर थांबायला शिकवलं, पण शिट्टीवर चालायला शिकवणं जमलं नाही. ते नांगराचा तास धरायचे तो पूर्वेकडं निघून ईशान्येला पोचायचा. दर दोन फेऱ्यांनंतर बैलांना विश्रांती, पाणी आणि उपदेश. बैल सुटले, म्हणजे अंगानं. आमचं रान बघायला शेजारच्या बांधावर माणसं यायची, त्यांत आबांच्या रानातून नामदेवही असायचा. कमरेवर हात ठेवून एकटक बघत राहायचा.

पण ते रविवार मला आठवतात. आम्ही दोघं बैलांमागं ओरडत चाललोय, दुपारी बायको भाकरी घेऊन येतेय, आणि लिंबाखाली बसून साडूभाऊ तिला कुठल्याशा खेळाडूच्या कराराचं सांगताहेत. त्या वर्षी कापूस कमी निघाला आणि हसणं जास्त. पोटभर झोप लागायची.

पाडवा पुन्हा जवळ आला तेव्हा नामदेवला आधीच गाठावं असं मला वाटलं. साडूभाऊंनी अडवलं. "साल संपायच्या आधी दुसऱ्याच्या गड्याशी बोलायचं न्हाई. ती चोरी आहे." म्हणून मी पाडव्याच्या सकाळपर्यंत दम धरला आणि मग टोपी-उपरणं घेऊन नामदेवच्या अंगणात गेलो. तिथं नामदेवच्या शेजारी साडूभाऊ बसलेले. एजंट ना.

"मेंढरं आमच्याकडं राहतील," मी म्हणालो. "निवारा करतो. बाजाराची सुट्टी पूर्ण देतो."

नामदेव साडूभाऊंच्या कानाशी वाकून काही बोलला. साडूभाऊंनी गळ्यातली शिट्टी नीट केली. मग खाकरून, पंचासारख्या सरळ आवाजात म्हणाले, "माझा माणूस यायला तयार आहे. त्याची एकच अट आहे."

"बोला."

"सरांनी बैलाला हात लावायचा न्हाई. कधीच न्हाई." निरोप स्वतःबद्दलचाच, पण त्यांनी एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. "बैल खराब झालेत म्हणतो. त्याला बघवत न्हाई म्हणतो. मला वाटतं, मागणं रास्त आहे. कबूल करा."

नामदेव अवघडून टाचेनं माती उकरत होता. मी साडूभाऊंकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी कबूल केलं आणि टोपी दिली.

बाहेर पडल्यावर आम्ही दोघं लुना ढकलत पायीच निघालो. घरोघरी गुढ्या उभ्या होत्या. साडूभाऊ एकेक गुढी मोजत चालले होते. मग म्हणाले, "चांगला सौदा झाला तुमचा."

"झाला."

"मंग मी आता रविवारी काय करू?"

"या की," मी म्हणालो. "जेवायला या."

साडूभाऊंनी लुनाच्या हँडलवरची धूळ बाहीनं पुसली. "जेवायला तर पाव्हणे येतात, साडूभाऊ," ते म्हणाले.