सूर्यमाळची निळी इटालियन वाटी

केतकीला जुनी इटालियन काच आवडते. मला केतकी आवडते. एवढ्या भांडवलावर मी एप्रिलच्या उन्हात नाशिकहून बाईक काढली.

तिच्याकडे कपाटभर मुरानो काच आहे. फुंकून घडवलेल्या, साठ-सत्तर वर्षं जुन्या वाट्या. एकीतही चिवडा खाऊ देत नाही. माझा कॉलेजातला मित्र संदीप सूर्यमाळला शिक्षक झालाय (मी एका सरांशी भांडून तिसऱ्या वर्षी बाहेर). त्यानं पाड्यावरच्या लग्नाचा फोटो टाकला. नवरा-नवरी राहिली बाजूला, मला दिसली मागची वाटी: निळी, मुडपलेल्या कडेची, आत सोनेरी कण. केतकीला पाठवली. ती म्हणाली, "ही आणलीस तर मानलं तुला." मी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला.

त्र्यंबकलाच टाकी फुल करा, पुढे घाट आहे. मोखाड्याला वडापाव खाऊन मी आधी जव्हार गाठलं. गावात राजवाडा आहे, म्हणजे जुन्या काचेचं दुकानही असणार, असा माझा तर्क. भांड्यांच्या दुकानात इटालियन वाटी मागितली. दुकानदारानं स्टीलची पुढे केली. "इटालियनच समजा." लॉज सहाशेत मिळतो, पाणी मोजून बादलीभर.

दुसऱ्या दिवशी खोडाळ्यावरून सूर्यमाळ. वाटी लखमीबाईंकडे. त्यांची सासू जव्हारला एका साहेबांच्या बंगल्यावर कामाला होती, साहेब गाव सोडून जाताना देऊन गेले. तेव्हापासून पाड्यात कुणाचंही लग्न असो, तांदळाचं पीठ ह्याच वाटीत कालवतात आणि बायका भिंतीवर चौक लिहितात, म्हणजे लग्नाचं वारली चित्र काढतात. मी पाकीट काढलं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"इकायची नाय दादा. लगीन असल तं नेवा, झाला का आणून देवा. तुमचा लगीन कवा?"

म्हटलं, ते या वाटीवरच अडलंय. बायका हसल्या. संदीप गुरुजी सगळ्यात जास्त.

नेटवर्कसाठी टेकडीवर चढलो. केतकी म्हणाली, धुऊन तळाचा आणि आतला फोटो काढ. खाली येऊन धुवायला पाणी मागितलं, तर लखमीबाईंनी रिकामा हंडा हातात दिला आणि विहिरीकडे बोट दाखवलं. उतरताना मी संतापलो होतो, चढताना संतापालाही धाप लागली. त्या हंड्यातलं ओंजळभर पाणी वाटीला मिळालं, बाकीचं शेजारच्या लग्नघरी गेलं.

पुन्हा टेकडी. फोटो गेले, फोन आला.

"आत ओरखडे आहेत रे. काय ठेवतात त्यात?"

"तांदळाचं पीठ. लग्नात."

"मग गेली वाया. सोड, ये परत."

"आणि माझं?"

"तुझं काय?"

खाली आलो तो थेट बाईककडे. किक मारणार, तेवढ्यात लखमीबाईंनी हाक मारली. शेजारच्या घरी चौक लिहायचा होता. "मोकळाच उभा हायेस, तं धर."

ऊन उतरेपर्यंत मी वाटी धरून उभा होतो. बायका त्यात काडी बुडवत, भिंतीवर त्रिकोण भरत, माझ्यावरच गाणं जुळवत होत्या. नंतर नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि सुकट मिळालं. तिथे गेलात तर हेच खा, मागू मात्र नका, कामाला उभे राहा.

जीन्सवरचे पिठाचे ठिपके घरी आल्यावर एका धुण्यात गेले. राग त्याआधीच गेला असावा, कारण परवा केतकीचा मेसेज आला तेव्हा शोधूनही सापडला नाही. तिच्या जुन्या काचेच्या ग्रुपवर कुणीतरी वाटी ओळखली होती. दुर्मिळ आहे म्हणे, ओरखडे चालतील. "पत्ता दे ना, प्लीज."

बराच वेळ टाइप करून खोडलं. मग पाठवलं: "विकत नाहीत. लग्न असेल तर देतात, झालं की परत द्यायची. कुणाचं, ते कळव."

दोन निळ्या खुणा उमटल्यात. टाकी मी फुल करून ठेवलीय.