बावीस पायऱ्या

"रोज चढतीस न्हवं? मग आजच काय झालं?"

हेडक्लार्क जिन्याच्या वरच्या टोकाला उभे राहून विचारत होते. मी खालून चौथ्या पायरीवर पडले होते. कुबडी घरंगळत खाली गेलेली, डबा उघडून आमटी साडीवर सांडलेली. वर तिघे-चौघे हसत होते. एकही खाली आला नाही.

डावा पाय लहानपणीच पोलिओने नेला. फलटणकडच्या एका साखर कारखान्यात मी कारकून आहे, उसाच्या नोंदी बघते. टेबल वरच्या मजल्यावर. बावीस पायऱ्या, कठडा निम्म्यापर्यंतच. खाली एक खोली रिकामी, तिथे मांडवाच्या सतरंज्या ठेवतात. पडले त्याच दिवशी अर्ज दिला, माझं टेबल त्या खोलीत द्या. पोच घेतली.

"तुला खाली दिलं तर उद्या समदीच लंगडत येत्याल," हेडक्लार्क म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दोन महिन्यांनी मोळीपूजन. हंगामाची पहिली मोळी टाकायचा दिवस. माइकवरून माझं नाव पुकारलं, "आमच्या दिव्यांग भगिनी!" ऑफिसात लंगडी, माइकवर भगिनी. स्टेजलाही पायऱ्याच. चौघांनी मला खुर्चीसकट उचलून वर ठेवलं. कारखान्याच्या अध्यक्षांनी नव्या कुबड्या हातात दिल्या. माप कुणी घेतलं होतं? त्या माझ्या खांद्याच्याही वर जात होत्या. दोन्हींवर अध्यक्षांचा फोटो चिकटवलेला.

फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा हसा."

नाही हसले. माइक ओढला.

"आवं साहेब, कुबडी हाय माझ्याकडं. टेबल खाली द्या. अर्ज देऊन दोन म्हैनं झालं."

अध्यक्ष माझ्या कानाशी वाकले, फोटोपुरतं हसू तसंच ठेवून. "नोकरी करायची हाय न्हवं तुला?"

करायचीय. तुमच्या छाताडावर बसून करायचीय.

पोचेची प्रत जोडून पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार धाडली. अध्यक्षांच्या नावाने सुनावणीची नोटीस आली आणि खालची खोली एका दिवसात झाडून निघाली. हेडक्लार्क आता अहो-जाहो करतात. "ताई, टेबल मिळालं न्हवं? आता तक्रार तेवढी माघारी घ्या."

टेबल घेतलं. तक्रार माघारी घेणार नाही. हो, सूड म्हणा. सूडच आहे.

त्या कुबड्या मी जपून ठेवल्यात, फोटोसकट. सुनावणीला नेणार आहे. सगळ्यांसमोर अध्यक्षांच्या हातात देणार आणि म्हणणार, घ्या काखेत. बावीस पायऱ्या चढून दाखवा.