तंबूतली देवी आणि आमची काकी

भात झोडून झालं की कुडाळला बाजाराच्या माळावर सिनेमाचा तंबू लागायचा. साठ सालाच्या आगेमागेची ही गोष्ट. मी नुकतीच गावच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. वाडीतल्या बायका गाडी जुंपून सिनेमाला निघाल्या, तेव्हा काकीलाही मी ओढून नेलं.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. लग्नानंतर थोड्याच दिवसांत काका मुंबईला गिरणीत गेले आणि तिथेच त्यांनी दुसरं बिऱ्हाड केलं. काकीला मूलबाळ नव्हतं. माहेरच्यांनी बोलावलं, पण ती गेली नाही. आमच्या शेतात राबायची, उन्हाळ्यात काजू भाजून, फोडून विकायची. काजूच्या तेलाने बोटांची सालं निघत. तरी तिने कधी कुणापुढे रडगाणं गायलं नाही.

सिनेमातली नायिकाही टाकलेलीच निघाली. नवरा शहरात दुसरीकडे गुंततो, शेवटी आजारी होऊन परततो. ही त्याचे पाय धुते, ते पाणी तीर्थ म्हणून घेते आणि सनई वाजायला लागते. कनातीच्या अलीकडे, बायकांच्या बाजूला नुसते हुंदके. आमच्या शेजारची म्हातारी पदराने डोळे पुसत म्हणाली, "देवी आसा गो ती, देवी." मलाही गहिवरून आलं होतं. काकी मात्र पडद्याकडे बघत तशीच बसून होती.

गाडीत मी विचारलं, "काकी, तुका रडाक नाय इला?"

"ती दुसरी बाई खंय गेली?" काकी म्हणाली. "ता काय दाखवूक नाय."

खरंच दाखवलं नव्हतं. नवरा घरी यायचा होता म्हणून ती गोष्टीतून पुसून टाकली होती.

पुढच्या चैत्रात काका आले. हातात एक ट्रंक, अंगात बारीक ताप, गालफडं बसलेली. दारापुढच्या खळ्यात उभे राहिले आणि बघता बघता निम्मी वाडी आमच्या पडवीत जमली. काकीने पाय धुवायला तांब्या ठेवला, स्वतः धुतले नाहीत. पेज वाढली. पुढचे आठ-दहा दिवस काढे दिले, अंथरूण पडवीत घातलं. ती स्वतः माजघरात माझ्या आईजवळ झोपायची.

वडिलांना धाकटा भाऊ परत आल्याचा आनंद लपत नव्हता. ते मला म्हणाले, "तू शिकलेला आसस. तिका समजाव. घोव घराक इलो, आनी काय व्हया?"

काकी मागच्या दारी काजू फोडत होती. वडिलांचा निरोप मी जसाच्या तसा सांगितला. तिने ऐकून घेतलं.

"इलो, ता खरा. पण थय सांगून इलो काय, ता इचारूक व्हया."

त्या संध्याकाळी तिने पडवीत सगळ्यांदेखत काकांना तेच विचारलं. काका खाली बघत एकेक सांगू लागले. मग कळलं की न सांगता निघाले होते. मागे ती बाई होती, आणि एक लहान मुलगी.

काकीचा आवाज चढला नाही. "माका टाकलात, तेव्हा माका ह्या घर होता, भावजी होते. तिका थय कोण आसा?"

मग तीच पुढे म्हणाली,

"बरे होईपर्यंत रवा. मगे तुमी थय जावा. दोन बायकांका टाकलेलो माणूस माका घरात नको."

वडील उठून उभे राहिले. म्हणाले, "लोक काय म्हणतले?"

तंबूत सगळ्यांत जास्त रडलेली ती शेजारची म्हातारी खांबाला टेकून बसली होती. तिनेच उत्तर दिलं, "लोक म्हणजे आमीच मां? आमी कायएक म्हणूचव नाय." बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. वडील पुन्हा खाली बसले.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी म्हातारीला गाठलं. "आजी, तंबूत तर तू त्या बाईक देवी म्हणालंस."

"गो बाय," ती कळशी उचलत म्हणाली, "थय आमी रडाक गेल्लंव. हय रवाचा आसा."

सिनेमा म्हणजे लोकांच्या मनाचा आरसा, असं मी पुढे शिकलेल्या माणसांकडून पुष्कळदा ऐकलं. दर वेळी मी नाही म्हटलं, आजही म्हणते. तंबूतल्या बायकांचं रडणं खोटं नव्हतं. पण रडून झाल्यावर त्या घरी आल्या आणि त्यांनी जो न्याय केला, तो करायची हिंमत पडद्यावर कुणाला झाली नव्हती. सिनेमावाल्यांनी आमची आसवं तेवढी ओळखली होती.

पाऊस लागायच्या आत काका निघाले. काकीने उकडे तांदूळ, कुळीथ, कोकमाची सोलं बांधून दिली, आणि एक पुडी वेगळी, भाजलेल्या काजूची. "चेडवाक," मुलीसाठी, एवढंच म्हणाली. फोंडाघाटाकडे जाणाऱ्या गाडीत त्यांना बसवायला वडील गेले. ती गेली नाही. तिला भात पेरायचं होतं.

काका मुंबईत परत कामाला लागले, तिथलं घर सांभाळू लागले. दुसऱ्या वर्षी चतुर्थीला मुलीला घेऊन आले, त्यानंतरच्या वर्षी तिची आईही आली. दोघी बायका पहिल्यांदा एकमेकींशी बोलल्या त्या नारळ खोवताना, तेही गूळ किती घालायचा यावर. मुलगी काकीला मोठी आई म्हणू लागली. मुंबईच्या खोलीत तिला सारखा खोकला व्हायचा, म्हणून एका उन्हाळ्यात ती राहिली ती आमच्याकडेच.

शाळेच्या पहिल्या दिवशी काकी तिला घेऊन माझ्या वर्गाच्या दाराशी आली. मुलीचं बोट माझ्या हातात देत म्हणाली, "हिका मारू नको. पण अभ्यासात सोडूव नको." आणि शेताकडे निघून गेली.