सरदारांचा तिरळा डोळा

तो तपास मी विसरलेले नाही, कारण पहिले दोन दिवस आम्ही चुकीच्या पोरीमागे होतो. नव्वदनंतरची गोष्ट. मी नगर शहरात महिला हवालदार होते. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं. चौकशीचं काम मी माणसं बघून शिकले.

एका जुन्या संस्थेच्या सभागृहात एका सरदारांचं तैलचित्र होतं. पुण्याहून त्यांचे वंशज आले, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे आमचे पणजोबा नव्हेत." पणजोबांचा डावा डोळा किंचित तिरळा होता. भिंतीवरचे दोन्ही डोळे सरळ. कुणीतरी अस्सल चित्र पळवून नक्कल टांगली होती. संस्थेच्या व्यवस्थापकाने फिर्याद दिली.

त्याच दिवशी खबऱ्याने बातमी आणली. केडगावच्या बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरची मुलगी कित्येक महिने दर रविवारी त्या चित्रासमोर बसून नक्कल करत होती. साहेबांनी तिला ठाण्यात बोलावलं. बाईमाणूस म्हणून मी शेजारी बसले. तिचा कॅनव्हास आणि वही पंचनामा करून जप्त झाली. बाप बाहेर उभा होता. दुसऱ्या दिवशीच दोन दुकानदारांनी त्याच्याकडून बोर्डाचं काम काढून घेतलं.

"भिंतीवरची नक्कलही तुझीच ना?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई साहेब. मला एकच जमंना, दोन कुठून करू?"

"मग हा उद्योग कशाला?"

"आमच्या विहारात मोठं तैलचित्र लावायचंय. छापील नको, म्या काढीन म्हनाले. जुनं चित्र हुबेहूब उतरवल्याबिगर हात बसत न्हाई."

साहेबांना ते पाठ केलेलं वाटलं. मला नाही वाटलं, पण वाटण्यावर केस उभी राहत नाही. मी कॅनव्हास खिडकीपाशी नेला. फेटा, कपाळ, मिशा हलक्या हाताने केलेल्या. फक्त डोळ्यांवर रंगाचा जाड थर आणि कडेला पात्याने खरवडल्याच्या खुणा.

"डोळे का खरवडलेस?"

"चुकले हुते, बाई. म्या डावा डोळा तिरळा काढला. नंतर बगते तर मूळ चित्रात सरळ. येवढ्या मोठ्या मानसाचा डोळा बिगडवला, मलाच लाज वाटली."

मी वही उघडली. दर रविवारी काय केलं ते तिने तारीख घालून लिहिलं होतं. सुरुवातीला चौकटी आखून काढलेलं पेन्सिलचं चित्र, त्यात डोळा तिरळा. पुढे एका रविवारी 'हॉल बंद, भिंतींना रंग'. त्याच्या पुढच्या रविवारी 'डोळे पुन्हा'.

वही साहेबांपुढे ठेवली. "हिने नक्कल खपवली असती तर डोळा तिरळाच काढला असता, साहेब. हिला तो माहीत होता. चित्र बदललं ते रंगकामाच्या आठवड्यात."

त्या आठवड्यात चित्र खाली उतरवून कुणाच्या ताब्यात होतं? आमच्या फिर्यादीच्या.

व्यवस्थापक ठामपणे म्हणाला, "माझ्या कपाटात कुलपात होतं." आम्ही जाऊन माप घेतलं. कपाट चित्राहून वीतभर लहान निघालं. मग तो बोलला. फोटोवरून बाहेरच्या पेंटरकडून नक्कल करून घेतली होती. त्या पेंटरने तिरळा डोळा वाईट दिसतो म्हणून सरळ करून टाकला. अस्सल चित्र घोडेगावला व्यवस्थापकाच्या बहिणीकडे गोधडीत गुंडाळलेलं सापडलं.

या केसने मला एक शिकवलं. खोटं बोलणारा आपल्या बोलण्यावर ठाम असतो आणि शिकणारा माणूस आधी स्वतःचीच चूक धरतो. ठाम आवाजावर मी पुन्हा भरवसा ठेवला नाही.

मुद्देमालातून कॅनव्हास परत मिळाल्यावर तिने डोळा तिसऱ्यांदा केला, तिरळा. पुढे विहारातलं, निळ्या कोटातलं आणि हातात घटना धरलेलं चित्र झालं तेव्हा तिने मला बोलावलं. मला आवडलं, पण मी खोटं कौतुक करत नाही. म्हटलं, "कपाळ जरा रुंद झालंय."

"रुंदच हाय, बाई," ती म्हणाली. "म्या नीट बगून काढलंय."