वहिनींचा हात जड नव्हता

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिघीच्या जेटीवर फेरीबोटीची वाट पाहत उभा होतो. पलीकडे आगरदांड्याला एका हॉटेलवाल्याचा प्रिंटर बंद पडला होता. फोनवर नीलेश होता, वहिनींचा मुलगा. "काका, आई गेली. सकाळी चहा घेतला, आणि..." "निघतो," मी म्हणालो. आणि तरीही बोट लागल्यावर मी बोटीतच चढलो, पलीकडे गेलो, प्रिंटर दुरुस्त केला आणि मग आमच्या गावी, तळ्याला परतलो. जेमतेम अंत्यविधीपुरता पोहोचलो. लोकांना वाटलं, याला धक्का बसला असेल. तसं नव्हतं. मला त्या घरात पाऊल टाकायचा धीर होत नव्हता, आणि त्याचं कारण नुसतं दुःख नव्हतं. आज सव्वा महिना झाला. ते कारण आधी सांगितल्याशिवाय वहिनींबद्दल दुसरं काही लिहायचा मला हक्क नाही, असं वाटतं.

शालिनीवहिनी माझ्या चुलत भावाची बायको. दादा मुंबईला कारखान्यात, शनिवारी घरी येणार. वहिनी इथे भाताची शेती आणि गावचं वाचनालय सांभाळायच्या. वाचनालय म्हणजे दोन खोल्या, नऊ कपाटं आणि कार्डांचे लाकडी ड्रॉवर. कुठलं पुस्तक कुणाकडे आहे हे त्यांना कार्ड न बघता सांगता यायचं. एकदा एका सभासदाने परत केलेल्या कादंबरीत खुणेसाठी ठेवलेला सुका बोंबील निघाला. वहिनींनी तो दोन बोटांत धरून विचारलं, "वाचलंत की जेवलात?" तो माणूस पुढची कित्येक वर्षं पुस्तक परत देताना आधी पानं झटकून दाखवायचा.

बारा-तेरा वर्षांपूर्वी वाचनालयाला कुणीतरी जुना संगणक दिला. तळ्याच्या बाजारात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान. त्या काळात मला लिनक्सचं वेड लागलं होतं. जगभरच्या लोकांनी मिळून केलेली, कुणालाही मोकळी असलेली प्रणाली सोडून विकतच्या मागे का लागायचं, हे मी ऐकेल त्याला ऐकवायचो. वाचनालयाच्या अध्यक्षांनाही ऐकवलं. "फुकटचं हाय, टिकंल का?" ते म्हणाले. मी म्हटलं, टिकवून दाखवतो. खरी गोम तिथेच आहे.

एका रविवारी सकाळी मी ती प्रणाली बसवायला घेतली. वहिनी शेजारी खुर्ची ओढून बसल्या. डिस्क लहान, मेमरी फक्त एक जीबी. इथे एक गोष्ट सांगावी लागेल. संगणकाची मेमरी म्हणजे काम करायचं टेबल. टेबल भरलं की वरचं काही काढून ठेवायला डिस्कवर एक जागा राखून ठेवतात. तिला स्वॅप म्हणतात. वाचनालयात टेबलावर पुस्तकं मावेनाशी झाली की वहिनी ती बाजूच्या बाकावर ठेवायच्या, तसंच. माझ्या घरच्या संगणकावर मी स्वॅप ठेवलंच नव्हतं आणि काही बिघडलं नव्हतं. त्याला आठ जीबी मेमरी होती, हे मी सोयीस्करपणे विसरलो. लहान डिस्कमधली जागा कशाला घालवायची, म्हणून इथेही मी स्वॅपचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा कप्पा, न करता पुढे गेलो. पडद्यावर सूचना आली. वहिनी इंग्रजी अक्षर लावून वाचायच्या. म्हणाल्या, "भावोजी, हे काहीतरी राहिलंय म्हणतंय. मागे जायचं का विचारतंय."

"विचारू दे. ते जरा घाबरट असतं."

"विचारतं तरी. माणूस बरा म्हणायचा मग," त्या हसून म्हणाल्या. मी पुढे जायचं बटण दाबलं.

वहिनी जिद्दीने शिकल्या. रोज वीस-पंचवीस पुस्तकांची नोंद करायच्या. पहिल्यांदा यंत्र गोठलं ते महिनाभरात. यादी उघडी, त्यात इंटरनेटवर कसलासा सरकारी अर्ज, आणि बाण जागचा हलेना. डिस्कचा दिवा नुसता पेटलेला. बंद करून सुरू केलं तर सकाळपासूनच्या नोंदी गेलेल्या. मग हे आठवड्यातून एकदा, दोनदा व्हायला लागलं. दुसऱ्या वेळीच मला कळलं होतं काय झालंय ते. कळलं नव्हतं असं मी इतकी वर्षं स्वतःशी म्हणत आलो. ते खोटं आहे. पण चूक कबूल करायची तर अध्यक्षांपुढे करावी लागली असती, आणि ते म्हणाले असते, बघा, फुकटचं. माझ्या एका बटणाचं खापर त्या सबंध प्रणालीवर फुटलं असतं, आणि माझ्यावरही. म्हणून मी वहिनींना म्हणालो, "तुम्ही फार गोष्टी उघडता. एका वेळी एकच उघडत जा." त्यांनी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

सातआठ महिन्यांनी आजूबाजूच्या वाचनालयांची माणसं आमचा संगणक बघायला आली. खोली भरलेली. वहिनी इस्त्रीची साडी नेसून बसल्या होत्या. पाहुण्यांपैकी एकाने पुस्तक शोधून दाखवायला सांगितलं, ते त्यांनी चटकन दाखवलं. दुसरा म्हणाला, आता इंटरनेटवरचा सरकारी अर्जही दाखवा. वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. नाही कसं म्हणायचं? उघडला... आणि यंत्र गोठलं. मिनिटभर सगळे पडद्याकडे बघत राहिले. अध्यक्ष म्हणाले, "बाई, ववाळा त्याला, मंग चालंल." सगळे हसले. मीही हसलो. वहिनी हळूच म्हणाल्या, "माझ्याच हातून काहीतरी झालं असेल."

त्या वेळी खरं बोलायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी जे बोललो ते असं, "होतं असं, नवीन माणसाकडून."

त्या आठवड्यात वहिनींनी अध्यक्षांना पत्र दिलं की संगणकाचं काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं. एक बाई नव्याने नेमल्या गेल्या. त्या रुजू व्हायच्या आधी मी यंत्र साफ करायच्या निमित्ताने दुकानात आणलं. मेमरी किती वापरली जातेय ते दाखवणारी एक आज्ञा असते. तिच्या शेवटच्या ओळीत स्वॅपपुढे तीन शून्यं होती, म्हणजे बाजूचा बाक नव्हताच. पार्टिशन नसलं तरी डिस्कवर एक फाइल करून तेच काम भागवता येतं. पुन्हा काही बसवावंही लागत नाही. दहा मिनिटं लागली. यंत्र परत नेऊन ठेवलं आणि कुणाला काही बोललो नाही. मला वाटलं, चूक निस्तरली.

झालं उलटंच. नव्या बाईंच्या हाताखाली यंत्र एकदाही गोठलं नाही, आणि सगळ्या गावाला पटलं की जमत नव्हतं ते वहिनींनाच. त्यांनाही पटलं. "चांगलं झालं हो," त्या मला म्हणाल्या, "माझाच हात जड." पुढच्या वर्षी त्यांनी वाचनालय सोडलं. निवृत्तीला अजून चार वर्षं होती. त्यानंतर बँकेत स्लिप भरायची असो, मोबाइलवर गॅस नोंदवायचा असो, त्या आधीच म्हणायच्या, "मला नाही जमायचं, तुम्हीच करा." नऊ कपाटं डोक्यात ठेवणारी बाई. मी मात्र दर गणपतीला त्यांच्या हातच्या पातोळ्या खाऊन येत राहिलो. सांगायचं ठरवून जायचो आणि दादांच्या गुडघ्याबद्दल बोलून परतायचो.

तेराव्यानंतर आठवड्याने नीलेश दुकानात आला. आईच्या मोबाइलमधले फोटो काढून हवे होते. मी फोन हातात घेतला. सवयीने, मागे काय काय उघडं राहिलंय ते बघायला गेलो, तर काहीच उघडं नव्हतं. कोरा पडदा.

"काही सापडायचं नाही तुम्हाला," नीलेश म्हणाला. "एक झालं की लगेच बंद करायची. फोटो बघताना माझा फोन आला तरी आधी फोटो बंद करणार, मग फोन घेणार. तोवर कट! किती ओरडायचो आम्ही. कुणीतरी सांगितलं होतं म्हणे तिला, एका वेळी एकच."

"मी सांगितलं होतं," मी म्हणालो. आणि मग सगळंच सांगितलं.

तो उभाच होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे आईचं चुकत नव्हतं."

"नाही. एकदाही नाही."

"आणि तुम्ही तिला हे..." त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो स्टुलावर बसला, स्वतःचा फोन काढला आणि घरी लावला. "बाबांना दे," म्हणाला. मग जरा मोठ्याने, दादांना हल्ली कमी ऐकू येतं म्हणून, "बाबा, ऐका. वाचनालयात आईचं काही चुकत नव्हतं. नाही, नाही... यंत्रातच दोष होता. काकांनी ठेवलेला. हो, इथेच आहेत समोर."

मी वहिनींचा फोन केबलने जोडला. चारशेच्या वर फोटो होते, वेळ लागणार होता. एरवी अशा वेळी मी बाजूला दुसरं काहीतरी काम उघडून बसतो. त्या दिवशी उघडलं नाही. फोटो एकेक करून उतरत राहिले आणि मी तेवढंच बघत बसलो.