बशीत मेलेला कॅन्सर आणि भाऊजींचा काढा

मंडळी, नगरच्या दवाखान्यात बाकड्यावर बसून लिहितेय. चौथी शिकलेली बाई हाय, काना-मात्रा शोधत बसू नका.

माझी नात पुण्याच्या लॅबमध्ये कुड्याच्या सालीचा अर्क काढून कॅन्सरच्या पेशींवर टाकून बघते. काल तिनं घरच्या ग्रुपवर लिहिलं, पेशी मेल्या. झालं! आज माझ्या धाकट्या जावेला केमोचं सलाईन लावायचं होतं, तर भाऊजींनी सकाळीच चुलीवर कुड्याची साल उकळायला ठेवली.

"वहिनी, आता नगरला कशाला जायचं? आपल्या पोरीनंच औषध काढलंय."

मी नातीला फोन लावून स्पीकरवर टाकला. पोरगी ओरडलीच. "आबा, पेशी लॅबमधल्या काचेच्या बशीत मेल्यात, माणसाच्या अंगात न्हाई! त्याच अर्कानं दुसऱ्या बशीतल्या चांगल्या पेशीपण मेल्या. हे औषध न्हाई अजून. धाकट्या आजीला दवाखान्यात न्या!"

तरी भाऊजींचं आपलं चालूच. "झाडपाल्यानं काय अपाय हुतोय?"

"मग आधी तुमी प्या वाटीभर."

भाऊजी मागं सरकले. मी पातेलं उकिरड्यावर पालथं केलं आन् जावेला जीपमध्ये बसवलं.

ती म्हणाली, "आक्का, हे रुसतील."

"रुसू दे. रुसून कुणी मरत न्हाई."

भाऊजींनी मला ग्रुपमधून काढलंय, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय. आत सलाईन चालू हाय. पुढच्या खेपेलाही मीच आणणार, बघते कोण अडवतंय.

तुमच्या घरात असं पातेलं चुलीवर असलं, तर ते उतरवायला कुणाची वाट बघताय?