तांबेबाईंची पांढरी साडी

कुणाच्याही नव्या साडीचं कौतुक करण्याआधी तांबेबाई पदर उलटा करून बघत. मग ते लग्नघर असो की एसटी स्टँड. समोरच्या बाईला काही कळायच्या आत पदराचं टोक त्यांच्या बोटांत गेलेलं असे. आतली बाजू, काठाची वीण, फॉलची शिलाई बघून झाली की चष्मा वर सरकवून म्हणत, "छान आहे गो." नाहीतर काहीच म्हणत नसत. ते काहीच न म्हणणं जास्त लागायचं.

लग्न होऊन मी मुंबईहून खेडला आले, तेव्हा त्या आमच्या शेजारी एकट्याच राहत होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. माझा नवरा जवळच्या लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत पाळीवर जायचा. घरात मी, माझा मोबाइल आणि दारात येणारी पार्सलं. एकदा मी हौसेने नवा कुर्ता त्यांना दाखवला. त्यांनी तो उलटा करून एक लोंबता दोरा जरासा ओढला, तर बाहीची शिवण सरसर उसवत गेली.

"घाईत घेतलेलं घाईतच जातं," त्या म्हणाल्या. मला वाटलं, आता भाषण. पण त्या घरून सुई-दोरा घेऊन आल्या, माझ्या ओटीवर बसल्या आणि ती बाही पक्की टाचून दिली. वर म्हणाल्या, "रंग मात्र तुला शोभतोय हो."

त्या स्वतः वर्षाला एक साडी घेत. सुती, हातमागाची, पांढरी. वैशाख पौर्णिमेला विहारात नेसण्यासाठी. ती निवडायला त्यांना सहा-सहा महिने लागत. मला घेऊन त्या बाजारपेठेतल्या दुकानात जायच्या, चार घड्या उलगडायला लावायच्या, दुकानदाराचा चहा प्यायच्या आणि उठायच्या. मी ओशाळून जायचे. बाई म्हणायच्या, "आज नुसतं बघणं झालं. सोयरीक एका दिवसात ठरते काय?" आणि घेतलेली साडी त्या इतकी वर्षं नेसत, की शेवटी तिची गोधडी व्हायची. जुनी साडी मात्र त्यांनी कधी कुणाला दिली नाही.

मला ते जरा विचित्र वाटायचं. एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी आईची गोष्ट सांगितली. त्यांची आई लहान असताना गावात वरच्या आळीतून जुनं लुगडं मिळायचं. तेही हातात नाही, लांबून टाकलेलं. दीक्षा घेतल्यावर आईने ठरवलं, की आता टाकलेलं अंगावर घ्यायचं नाही. चिऱ्याच्या खाणीवर तिने डोक्यावरून दगड वाहिले आणि स्वतःच्या कमाईचं पहिलं पांढरं लुगडं घेतलं. "आई म्हणायची, फाटलं तरी चालंल, पण आपलं पायजे. म्हणून मी जुनं कुणाला देत नाही गो. घेणाऱ्याच्या मनात काय होतं, ते आपल्याला ठाऊक."

चार वर्षांपूर्वी महिला मंडळाची बैठक झाली. पौर्णिमेच्या मिरवणुकीला सगळ्यांनी एकसारख्या पांढऱ्या साड्या नेसायच्या, असं ठरलं. मोबाइलवर अगदी स्वस्तात मिळत होत्या. फोटोत तर मोत्यासारख्या दिसत होत्या. एकट्या बाई विरोधात उभ्या राहिल्या. "कापड हाताला लागल्याशिवाय घेऊ नका. दोन वर्षांत एक घ्या, पण बरी घ्या."

तेव्हा मंदा उठली. मंदा लोट्याला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कामाला जायची. नवरा गेलेला, पदरात दोन मुली. ती म्हणाली, "बाई, तुमाला पेन्शन हाय. तुमाला सहा महिने थांबून निवडायला जमतं. आमाला बारा महिने अंग झाकायचंय."

साड्या मागवायचं ठरलं.  घरी येताना वाटेत बाई एवढंच म्हणाल्या, "ती खरं बोलली. मला हे आधी सुचायला हवं होतं."

साड्या आल्या त्या पौर्णिमेच्या दोन दिवस आधी. मच्छरदाणीसारख्या विरळ. परत पाठवायला वेळ नव्हता. बायकांनी आत जाड परकर घातले आणि हसण्यावारी नेलं. पण पौर्णिमेच्या सकाळी विहारापाशी सगळ्या जमल्या, तर मंदाच नव्हती. त्या वर्षी मिरवणुकीच्या पुढे पंचशील ध्वज घेऊन चालायचा मान पहिल्यांदाच तिला मिळालेला. तिच्या धाकट्या मुलीने येऊन निरोप दिला, आईला बरं नाही.

बाईंनी माझा हात धरला. आधी स्वतःच्या घरी गेल्या, एक पिशवी घेतली आणि आम्ही मंदाकडे पोचलो. मंदा साध्या साडीत चुलीपाशी बसली होती. नवी साडी खाटेवर पडलेली. निऱ्यांना पिन लावताना वीतभर टरकली होती.

बाईंनी पिशवीतून घडी काढली. त्या वर्षीची त्यांची साडी, अजून एकदाही न नेसलेली; सगळ्यांच्या विरळ साड्यांत आपली नवी मिरवायला नको, म्हणून त्या गेल्या वर्षीचीच नेसून आल्या होत्या. दुधासारखी पांढरी, काठाला बारीक निळी रेघ.

मंदाने तिला हातही लावला नाही. "बाई, मला कुणाचं दिलेलं नको. तुमच्या आयशीची गोष्ट तुमीच सांगता ना आमाला?"

"देतेय कुठे? बदलायला आलेय. तुझी ती मला दे."

"ती फाटलीय."

"मग? माझ्या बोटांना काय झालंय?"

 मंदा उठली, खाटेवरची साडी नीट घडी घालून आणली आणि दोन्ही हातांनी बाईंना दिली. बाईंनीही आपली तशीच दोन्ही हातांनी तिला दिली. मी सुईत दोरा ओवून दिला. बाईंनी तिथेच बसून फाटलेलं शिवलं आणि मंदाचा जाड परकर मागून घेऊन त्या तीच साडी नेसल्या.

मिरवणुकीत मंदा पुढे ध्वज घेऊन चालत होती, मान ताठ. बाई मागच्या रांगेत माझ्या शेजारी. शिवण निऱ्यांत गेली होती, तरी वाऱ्याने मधूनच दिसायची. कुणीतरी हळूच हसलंसुद्धा. बाईंनी पदर खोचला आणि गाथेत सूर मिसळला.

संध्याकाळी मी विचारलं, "बाई, एवढी शोधून आणलेली साडी. जीव नाही तुटला?"

"तुटला ना," त्या म्हणाल्या. "निळी रेघ फार सुरेख होती गो. पण मंदाला सांगू नकोस."

ती विरळ साडी त्यांनी टाकली नाही. आतून अस्तर जोडलं आणि पुढची दोन वर्षं बाजारहाटाला नेसल्या. पुढच्या बैठकीत त्यांनीच सुचवलं, की एकसारखी साडी कशाला हवी? पांढरी असली की झालं, गेल्या वर्षीची धुऊन नेसली तरी झालं. मंडळाने ते लगेच मान्य केलं. मीही हळूहळू पार्सलं कमी केली. एकदम नाही. बाईंनी तशी सक्तीही कधी केली नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर बाई गेल्या. झोपेतच, कुणाला काही करायला न लावता. विहारात शोकसभा झाली. एक वक्ते भारावून सांगत होते, की तांबेबाईंनी आपली नवी कोरी साडी एका गरीब भगिनीला दान केली होती, असं मोठं मन.

मंदा मागे बसली होती. पहिल्या पाळीहून थेट आलेली, कॅन्टीनचा कोट अजून अंगात. ती उठून उभी राहिली.

"दान नव्हतं ते," ती म्हणाली. "आमी बदलली साडी. त्यांची मी नेसले, माझी त्या नेसल्या. तसंच सांगा."

 मग वक्त्यांनी तसंच सांगितलं.